करंगळीचं माप

पारख्याने क्लॅरिनेटचे पाचही तुकडे टेबलावर ओळीने मांडले, भिंग डोळ्याला लावलं आणि जो काही गप्प बसला, की धाकटीला वाटलं, याला झोपच लागली. शेजारी दादा श्वास रोखून बसलेला. वाद्य बाबांचं, बाबांनंतर दोघा भावंडांचं. विकायचं तर दोघांची सही हवी, म्हणून दादाने तिला भरदुपारी दुकान बंद करायला लावून इथे ओढत आणलं होतं. दुकान म्हणजे बाबांचंच, वाद्यदुरुस्तीचं. आता ते तीच चालवायची.

"वरच्या तुकड्यावर नामांकित कारखान्याचा शिक्का आहे," पारखी अखेर बोलला. "पण खरी चीज म्हणजे हा खालचा तुकडा."

त्याने उजव्या करंगळीच्या चाव्या दाखवल्या. नेहमीपेक्षा त्या चांगल्या अर्धं बोट वर, हाताजवळ बसवलेल्या.

"ही खास मागणी. कुणा श्रीमंत घरच्या मुलीच्या लहान हातासाठी कारखान्याने केलेली. ही भोकं बघा, आतून कशी गुळगुळीत आहेत. असं काम दुसऱ्या कुणाला जमणं शक्य नाही. तीस वर्षं मी हेच बघतोय."

मग त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून दादाने आ वासला.

धाकटीला आधी हसूच आलं. श्रीमंत घरची मुलगी म्हणे! बाबांच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर लाकूड कातायच्या लेथने नेलं, तेव्हा ती शाळेत होती. वर्षभर बाबांना वाजवता आलं नाही. खालचा तुकडा तसाही तडकलेलाच होता, तेव्हा एक दिवस त्यांनी काळं लाकूड आणलं आणि त्याच लेथवर नवा तुकडा कातायला घेतला, तोकड्या करंगळीला पोचतील अशा चाव्यांचा. तीन वाया गेले. चौथा हा.

दादाला हे सगळं ठाऊक होतं. तो छताच्या पंख्याकडे बघत बसला.

"साहेब, खालचा तुकडा माझ्या बाबांनी केलाय," ती म्हणाली.

पारखी हसला, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसा. "ताई, बाबांनी दुरुस्ती केली असेल. हे काम दुरुस्तीवाल्याचं नव्हे."

झालं. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी जन्मभर हेच ऐकून घेतलं होतं. लोक बिघडलेलं वाद्य घेऊन यायचे, सुधारून न्यायचे आणि चारचौघांत गोडवे गायचे ते कारखान्याचे. बाबा नुसते मान डोलवायचे. तिला ते तेव्हाही सहन व्हायचं नाही.

"भिंग लावा," ती म्हणाली. "चाव्यांच्या स्प्रिंगा बघा. माझ्या आईच्या शिवणाच्या सुया आहेत त्या, मीच डब्यातून काढून दिल्या होत्या. त्या टोकाच्या सुईचं नेढं तोडायचं राहून गेलंय."

पारख्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग खाली ठेवून कागद पुढे सरकवला. त्यावर बनवणारा म्हणून कारखान्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

"मी नेढंबिढं काही बघितलं नाही," तो हळूच म्हणाला. "करा सही."

"बाबांचं नाव घाला."

"त्या नावाला कोण विचारतं, ताई? जोडकाम ठरेल. किंमत पाव होईल."

"अगं, कर ना सही," दादा म्हणाला. "बाबा काय बघायला येणार आहेत?"

"मी बघतेय ना," ती म्हणाली आणि पारख्याकडे वळली. "आत्ता तुम्ही तोंडभर कौतुक केलंत ते याच तुकड्याचं. त्याच हाताचं. हात कुणाचा ते कळलं, तर लगेच तो पाव झाला?"

पारखी टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

तिने वरचा, शिक्क्याचा तुकडा उचलला आणि दादाच्या हातात दिला. तोंडाला लावायचा भाग, मधली नळी, भोंगा, सगळं त्याच्या पुढ्यात सरकवलं. खालचा तुकडा रुमालात गुंडाळून पिशवीत घातला.

"वाटणी झाली," ती म्हणाली. "शिक्का तुझा. आता एकट्याची सही पुरेल."

"अगं, अर्धं क्लॅरिनेट कोण घेईल?"

"साहेबांना विचार. त्यांना नाव हवं होतं, ते सगळंच्या सगळं तुझ्याकडे ठेवलंय."

आणि ती दुकान उघडायला निघून गेली.