गोजरबाईचं धुराडं

टेंभुर्णीत रामरावाएवढा चिकट माणूस शोधून सापडला नसता. जोडा झिजू नये म्हणून हा गडी शेताच्या वाटेनं तो काखेत मारून चालायचा आणि वेशीशी आला की पायात घालायचा. अशा नवऱ्यापुढं गोजरबाईनं स्वयंपाकघर नवं करायचा विषय काढला. बाईची छाती बघा!

विषय निघाला तो जालन्याहून परत आल्यावर. तिची धाकटी बहीण तिथं रेल्वेच्या क्वार्टरात राहायची. तिची चूल कमरेइतक्या उंच ओट्यावर, वर पत्र्याचं धुराडं, समोर खिडकी. बहीण उभ्यानं भाकऱ्या करत होती, गप्पा मारत होती, आणि डोळ्यांत टिपूस म्हणून नव्हतं. गोजरबाईला आधी हेवा वाटला, मग स्वतःचाच राग आला. तिच्या घरी चूल म्हणजे माळवदाच्या घरातली मागची अंधारी खोली. खिडकी नाही, झरोका नाही. वर धूर जायला थाळीएवढं एक सवणं, आणि पावसाळ्यात त्यावर दगड ठेवला की तेही बंद. जमिनीवरच्या चुलीपुढं वाकून फुंकणी मारायची आणि धूर नाकातोंडात घ्यायचा. तीस वर्षं हेच चाललं होतं.

"उभ्यानं सैपाक करायचा म्हणते?" रामराव म्हणाला. "घोड्यावानी? अगं, माझ्या आईनं त्याच चुलीवर जिंदगी काढली. शेवटी शेवटी तर डोळे झाकून भाकरी करायची. डोळे झाकून! अशी बाई पंचक्रोशीत झाली न्हाई. तुलाच कसा काय धूर लागून राह्यला?"

हे भाकरीचं कौतुक तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा. गोजरबाईला त्या झाकल्या डोळ्यांबद्दल जे ठाऊक होतं, ते सासूनं घातलेल्या शपथेखाली दडपलेलं होतं. ती नेहमीसारखी दाळ निवडत राहिली.

"खर्चा किती येतो म्हणं त्याला?" त्यानं जाता जाता विचारलं.

"बिलकुल न्हाई येत. घरातल्याच अडगळीत भागवते."

"मंग तर बिलकुलच नको. फुकटची वस्तू टिकत न्हाई."

आता बोला! या माणसापुढं देवानंही हात टेकले असते. पण गोजरबाईला गप्प बसणं परवडणारं नव्हतं. महिन्यापासून तिला दाळीतला खडा दिसेनासा झाला होता. परवा रामरावाच्या दाढेखाली कचकन आला तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं. ती मात्र दाराआड जाऊन रडली. सुईत दोरा ओवायला तिला समोरच्या सोनूबाईला हाक मारावी लागायची. असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत आपण चाचपडत फिरणार, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं. दोन्ही लेकी सासरी. घरात दोघंच. हाताला धरून न्यायला होतं कोण?

कापूस निघाला तसा रामराव गाडी भरून जालन्याच्या जिनिंगला निघाला. आठ दिवस तरी मोडणार होते. गाडी वेशीपार गेली, आणि गोजरबाईनं पदर खोचून पुंजाराम गवंड्याला बोलावणं धाडलं.

पुंजाराम परसातून आला, खोली बघितली, डोकं खाजवलं.

"वैनी, सामान?"

"हे काय!" तिनं परसात मांडून ठेवलेलं दाखवलं. पडलेल्या गोठ्याचे दगड. न्हाणीतली शहाबादी फरशी. मोडक्या गाडीचं एक चाक. घासलेटचे सात रिकामे डबे.

"न्हाणीतली फरशी? मंग मालक आंघोळ कशावर करतील?"

"महिन्यातून चारदा करतात. तेवढ्यासाठी दगड अडकवून ठेवायचा का? तू काम बघ."

मजुरी म्हणून शेरभर तूप ठरलं. पुंजारामानं बोलता बोलता ते सव्वाशेर करून घेतलं, कारण रामराव परत आल्यावर शिव्या त्यालाही बसणार होत्या.

दोन दिवसांत दोघांनी खोलीचं रूप पालटलं. दगडांचा ओटा उभा राहिला, वर फरशी बसली. मागच्या भिंतीला भगदाड पाडून त्यात गाडीचं चाक बसवलं. आऱ्यांतून ऊन आत आलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा गोजरबाईला आपल्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली जळमटं दिसली. तिला भलतीच लाज वाटली. पुंजारामानं डबे कापून एकाला एक जोडले आणि ते धुराडं सवण्यातून वर काढलं, समोरून दिसणार नाही इतपतच. चूल मात्र गोजरबाईनं स्वतःच्या हातानं घातली. जुनी चूल तिनं आधी नमस्कार करून मग फोडली. त्या चुलीचं एक ढेकूळही तिनं टाकलं नाही. सगळी माती भिजवली, तीत चिकण माती आणि घोड्याची लीद कालवली, तुडवली, आणि शेजारच्या वैलासकट, म्हणजे जोडचुलीसकट, नवी चूल घडवली.

"तीन दिवस वाळू द्या," पुंजाराम म्हणाला. "त्याआधी जाळ केला तर तडकंल."

तीन दिवस चूल पेटायची नव्हती. एकटीसाठी अंगणात तीन दगड कोण मांडत बसतं? आणि नव्या चुलीवर दूध उतू घालायच्या आधी घरात दुसरा जाळ करू नये, असंही म्हणतात. गोजरबाई लाह्या आणि ताकावर राहिली. चूल उघडी टाकून बाहेर पडायचं नाही, आणि सोनूबाईला तर आत डोकावूच द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. तिच्या कानी गेलं की रामरावाला वेशीवरच खबर मिळाली असती.

ही सोनूबाई म्हणजे समोरच्या घरातली चुलत जाऊ. गावात कुणाच्या घरावर धूर कधी निघाला आणि कधी नाही, याची तिला रोज सकाळी बराबर खबर असायची. बाईच्या अंगात तलाठ्याचं रक्त होतं म्हणा ना.

पहिल्या सकाळी गोजरबाईच्या माळवदावर धूर नाही. सोनूबाईला वाटलं, तापबीप आला असेल. दुसऱ्या-तिसऱ्या सकाळीही नाही. दार लोटलेलं. सोनूबाईनं कडी वाजवली. दार चार बोटं उघडलं, आणि बाईच्या काळजाचं पाणी झालं. गोजरबाईचे डोळे लालभडक, पाणी गळतंय. भिंतींना चुना देताना तो उडालेला डोळ्यांत, पण हे सोनूबाईला काय ठाऊक? कपाळावरचं कुंकू घामानं पुसून गेलेलं. हात मोकळे, दगड उचलताना बांगड्या वाढवल्या होत्या, आणि कासार बाजाराच्या दिवशीच यायचा.

"काय झालं गं, गोजरबाई?"

"काय न्हाई. आता बोलायला सवड न्हाई मला. जा तू." दार बंद.

आता तुम्हीच सांगा, सोनूबाईनं काय समजावं? ज्या घरात माणूस जातं, त्या घरात चूल पेटत नाही. बाळाला कळतं हे. त्यातून नवरा जालन्याला गेलेला, आणि जालन्यात पटकीची साथ असल्याचं परवाच कुणीतरी बोललं होतं. पटकीच्या माणसाला जिथल्या तिथं अग्नी देतात, घरी कोण आणतंय! बिचारीला निरोप आला असणार आणि धक्क्यानं वाचा बसली असणार. सोनूबाई खरोखर रडली. रडत रडत चार घरं फिरली.

चौथ्या सकाळी गोजरबाईनं चुलीवरून हात फिरवला. वाळली होती, कुठं भेग नव्हती. तिनं हळद-कुंकू वाहिलं, म्हशीचं दूध भांड्यात ओतलं आणि काडी ओढणार, तेवढ्यात दारात हंबरडा फुटला.

"भाऊजी ऽऽ! असे कसे वो गेले आमाला सोडून!"

गोजरबाईनं दार उघडलं. अंगणात सात-आठ बाया. सोनूबाईच्या हातात मयताच्या घरी नेतात ती कडू घासाची टोपली, पिठलं आणि भाकरी. पलीकडं लिंबाखाली बापे टोप्या काढून मुकाट बसलेले. कडूबा, जो बांधावरून रामरावाशी दहा वर्षं भांडत होता, तो उपरण्यानं डोळे पुसत म्हणत होता, "लई दिलदार माणूस होता." इतकं खोटं तर त्या लिंबालाही ऐकवलं नसतं.

"कोण गेलं?" गोजरबाई म्हणाली.

बायांनी आणखी मोठ्यानं गळा काढला. पोरीला वेड लागलं गं!

नेमकी त्याच वेळी रामरावाची गाडी वेशीतून आत आली. भाव बरा लागला म्हणून तो दोन दिवस आधीच परतला होता. लांबूनच त्याला दिसलं : आपलं अंगण भरलेलं, लिंबाखाली बोडक्या डोक्यांचे बापे, आणि आपल्या माळवदावर धूर नाही. घरात एकच माणूस मागं ठेवलं होतं. कासरा हातातून सुटला. जोडा गाडीतच राहिला. तो तसाच अनवाणी धावत सुटला, आणि जन्मात जे कधी चारचौघांत उच्चारलं नव्हतं ते नाव सगळ्या गावाला ऐकू गेलं.

"गोजरे! ए गोजरे! अगं कसं गं हे, गोजरे!"

लिंबाखालचे बापे उठले आणि चार पावलं मागं सरले. एका म्हाताऱ्यानं तर रामनामच घेतलं. रामराव गर्दी फोडून दारात आला, तर समोर मातीनं बरबटलेली, हातात काडेपेटी घेतलेली, धडधाकट बायको!

"मी हाय की," गोजरबाई म्हणाली. "तुमीच गेल्ते म्हणं."

पुढचा घोळ निस्तरायला घटकाभर गेली. हसण्यानं काहींच्या बरगड्या दुखल्या. कडूबानं 'दिलदार' शब्द तिथंच परत घेतला. एवढंच राहिलं, की कडू घासाची टोपली सोनूबाईला परत नेता येईना. भरलेली ती परत घरी नेत नाहीत. शेवटी रामरावच बसला. दोन दिवसांचा उपाशी होता आणि अन्न फुकटचं होतं. स्वतःच्या मरणाचं पिठलं त्यानं बोटं चाटून खाल्लं आणि वर मीठ कमी असल्याचंही सांगितलं.

माणसं पांगली, तो हात धुऊन आत गेला, आणि थबकला. चाकातून आलेलं ऊन. ओटा. धुराडं. आणि कोपऱ्यात, जिथं जन्मापासून चूल होती, तिथं नुसती सारवलेली जमीन.

"आईची चूल फोडली?" त्याचा आवाज चढेना, उलट बसला. "माझी आई तिच्यावर डोळे झाकून—"

"झाकून न्हाई वो!" गोजरबाईच्या तोंडून निघूनच गेलं. "दिसतच नव्हतं त्यांना. शेवटची चार वर्षं. धुरानं डोळे गेल्ते. पोराला सांगू नको म्हणल्या, न्हाईतर माझ्या हातची भाकरी सुटंल. शपथ घातली मला. मी पीठ हाताशी द्यायची, तवा कुठं हाय ते सांगायची. तुमी पुढं बसून शाबास म्हणायचे. ही त्यांचीच माती हाय सगळी. तुमच्या आईची शपथ मोडली मी आज, काय पाप लागायचं ते लागो. पण मला चाचपडत जगायचं न्हाई!"

आणि ती रडायला लागली; चुन्यामुळं नाही, अगदी मनापासून.

रामरावानं तिला चाकातून आलेल्या उजेडाकडं वळवलं. मग विचारलं, "तुला दिसतं का?"

"तुमचं तोंड दिसतं. दाळीतला खडा दिसत न्हाई."

त्यानं तिच्या हातातली काडेपेटी घेतली आणि चूल पेटवली. दूध फसफसून उतू गेलं. पहिला धूर खोलीत घुटमळला आणि धुराड्यात शिरून वर निघून गेला. समोरून सोनूबाईचा आवाज आला, "निघाला गं बाई धूर!" गोजरबाईनं तवा ठेवला, पहिली भाकरी थापून टाकली.

"सर," रामराव म्हणाला. तिच्या जागी उभा राहिला, डोळे गच्च मिटले, आणि भाकरी उलटायला हात पुढं केला. बोटं तव्याच्या काठाला लागली.

"आई गं!"

"बसला का चटका?" गोजरबाईनं त्याचा हात धरून पाण्यात बुडवला. "त्यांना रोज बसायचा."

रामरावानं हात पाण्यातून काढला नाही. डोळे मात्र उघडले, आणि ते भरून आलेले होते. तो वर धुराड्याकडं बघत राहिला.

"पुंजारामाला बोलव," शेवटी तो म्हणाला. "अजून एक डबा वर जोड म्हणावं. रिकामा नसंल तर इकत घेऊन ये."