जाऊबाईंना फसवण्याचा आठवडा

माझ्या मुलीने एक्कावन्नाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न रविवारी होतं आणि माझ्या आठव्या पुस्तकाचं बाड शनिवारी दुपारपर्यंत प्रकाशकाकडे पोचायचं होतं.

"आई, तुला दुसरा आठवडा मिळाला नाही का?" मुलगी म्हणाली.

"तुला दुसरं वर्ष मिळालं नाही का?" मी म्हटलं. दोघी हसलो आणि कामाला लागलो.

मी रहस्यकथा लिहिते. खुनाच्या. त्याआधी तेहेतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम केलं. अक्षरं शिकले चौपन्नाव्या वर्षी, आणि साठी ओलांडता ओलांडता पहिलं पुस्तक आलं. माझ्या पुस्तकांत खुनी पकडते ती धुलाईघरातलीच एक बाई, कपड्यांवरच्या डागांवरून. रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की कायमचा बसतो, थंड पाण्यात निघतो. ही विद्या मी शाळेत शिकले नाही, त्यामुळे ती विसरायचा प्रश्न येत नाही.

घरात आम्ही तिघी. मी, माझी मुलगी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही आमच्या आधी गेले. जाऊबाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, म्हणजे तेव्हा सत्याहत्तरच्या. त्याही त्याच धुलाईघरात होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं त्या विसरत नसत. माझी सातही पुस्तकं त्यांना अथपासून इतिपर्यंत पाठ.

म्हणून माझी एक रीत पडली होती. पुस्तक लिहून झालं की प्रकाशकाकडे द्यायच्या आधी एक आठवडा ते जाऊबाईंना वाचून दाखवायचं. सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी चार वाजता, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, रोज चार प्रकरणं. त्या मोजे रफू करत ऐकायच्या आणि मधेच सुई थांबवून म्हणायच्या, "धाकटे, काल त्याच्या कोटाला तीन बटणं होती. आज चार कशी झाली?" मी दुसऱ्या दिवशी सकाळी ते बटण काढून टाकायची.

आठवं प्रकरण झालं की त्या माझ्या मुलीच्या कानात खुनी कोण ते सांगायच्या. मुलगी चिठ्ठीवर लिहून चहाच्या डब्याखाली ठेवायची. शेवटचं प्रकरण वाचून झालं की चिठ्ठी उघडायची. सात पुस्तकं, सात चिठ्ठ्या, सातही बरोबर. वाचकांना मी ताकास तूर लागू दिली नाही, पण जाऊबाईंपुढे माझं भांडं दर वेळी फुटायचं. कसं, ते त्या सांगायच्या नाहीत.

चार वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं होतं, "तुम्हीही अक्षरं शिका की." त्यावर त्यांनी हात झटकला होता. "ज्या दिवशी तू मला फसवशील ना, त्या दिवशी पाटी हातात धरीन."

त्या हे थट्टेने बोलल्या. मी मात्र मनात धरून ठेवलं. कारण मी संध्याकाळच्या वर्गाला जात होते तेव्हा पाळी संपायला अजून एक तास असायचा, आणि तो तास जाऊबाई माझ्या जागी उभ्या राहायच्या. स्वतःच्या चादरी आणि माझ्याही. एक दिवस नाही, दीड वर्ष. मला अक्षरं आली ती त्यांच्या पाठीवरून. आणि त्या मात्र औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मला विचारायच्या.

सोमवारी पहिली चार प्रकरणं झाली. एका हॉटेलच्या मालकाचा खून होतो, त्याचं प्रेत कपड्यांच्या खोलीत सापडतं. खुनी होता घड्याळजी, दर आठवड्याला हॉटेलातल्या घड्याळांना चावी द्यायला येणारा म्हातारा. तो यायचा होता सहाव्या प्रकरणात, मंगळवारी.

सोमवारी संध्याकाळी होणारे जावईबापू आले. बस चालवतात. अतिशय सज्जन माणूस, पण बोलताना दर चार शब्दांनी थांबतो, म्हणून जाऊबाईंनी त्यांचं नाव 'ब्रेक' ठेवलं होतं. सासूची मर्जी राखायला त्यांनी माझी सातही पुस्तकं फेऱ्यांच्या मधल्या वेळात वाचून काढली होती. जाऊबाई मुलीबरोबर शिंपिणीकडे गेल्या होत्या. मी चहा ठेवला.

"आई, एक विचारू का?"

"विचारा."

"तुमच्या पुस्तकांत... सगळे उभे का असतात?"

"उभे?"

"नाही म्हणजे, बावीस वर्षं बस चालवतोय. आरशात बघायची सवय. कोण बसलंय, कोण उभं आहे." ते थांबले. मी वाट पाहिली. "तुमच्याकडे सगळे उभ्यानेच बोलतात. फक्त एकाला, तो पहिल्यांदा आला की, कुणीतरी म्हणतं, बसा. आणि शेवटी खून त्यानेच केलेला असतो. मला वाटलं तुम्ही मुद्दाम करता."

मी चहा कपाऐवजी बशीत ओतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सातही पुस्तकं काढली. पहिल्यात नर्सला स्टूल. दुसऱ्यात वकिलाला जिन्याची पायरी. तिसऱ्यात विधवा बहिणीला पलंगाचा कोपरा. एकही चुकलं नव्हतं. सात खुनी, सातही जण बसलेले. मला स्वतःला पत्ता नाही!

मग लक्षात आलं. आमच्या धुलाईघरात बसायला काही नव्हतंच. सगळ्या बाया आठ तास उभ्या. खुर्ची एकच, मुकादमीणबाईची. ती खुर्ची तिने एखाद्या बाईपुढे सरकवली की सगळ्यांना कळायचं, हिच्या घरून वाईट बातमी आली आहे. आता हिला बसावं लागणार. लिहिताना ज्याच्या जिवावर सगळ्यात मोठं ओझं आहे, त्याच्यापुढे माझा हात आपोआप खुर्ची सरकवत होता. हे फक्त एकाच माणसाला ओळखता येण्यासारखं होतं, जी त्याच रांगेत माझ्या शेजारी उभी राहिली होती. आणि एका बसवाल्याला.

सकाळभर मी सहावं प्रकरण पुन्हा लिहिलं. घड्याळजीची खुर्ची काढून घेतली. पासष्टीचा माणूस, गुडघे दुखणारा, त्याला ताटकळत ठेवताना मला इतकं वाईट वाटलं की शेवटी त्याची गुडघेदुखीही खोडून टाकली. आणि मालकाचा भाचा, उडाणटप्पू पण निरपराध पोरगा, त्याला मॅनेजरकडून म्हणवलं, "बसा."

चार वाजले. मी वाचायला लागले. घड्याळजी आला, उभ्याने चावी दिली, उभ्याने बोलला, गेला. जाऊबाईंची सुई चालूच. मग भाचा आला आणि बसला. सुई थांबली. अगदी एवढीशी, पण मी बघितली. आठवं प्रकरण संपताच त्यांनी मुलीला खुणेने बोलावलं, कानात काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बघून अशा हसल्या की जणू खिशात आठवी चिठ्ठी आलीच.

"यात एक चूक आहे," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"हॉटेलच्या मागच्या दाराला काल कडी होती. आज कुलूप."

"उद्या काढते कुलूप."

बुधवारी कुलूप काढलं. त्याच दिवशी नवरीचा झगा आला आणि बाह्या एक वीत लांब निघाल्या. गुरुवारी प्रकाशकाचा फोन. "शेवटचं प्रकरण थोडं लांबवता येईल का? तुम्ही कळवलेल्या पानांच्या हिशोबाने दोन पानं कोरी राहतायत."

"काय लांबवू? फाशी की लग्न?"

"लग्न? कुणाचं लग्न?"

"रविवारी या, कळेल," म्हणून मी फोन ठेवला.

खरं सांगायचं तर गुरुवारी माझं मन डळमळलं. जाऊबाई खुशीत होत्या, रफू करताना गुणगुणत होत्या, आणि मी त्यांच्या टेबलाशी बसून चोरासारखी वाचत होते. पंधराव्या प्रकरणात भाचा रात्री कुठे होता ते विचारल्यावर तो गप्प राहतो. जाऊबाई समाधानाने म्हणाल्या, "हं." त्या 'हं'ने मला शरम वाटली. सांगून टाकावं, असं जिभेवर आलं. मग औषधाच्या बाटल्यांच्या फळीकडे नजर गेली आणि मी सोळावं प्रकरण उघडलं.

शुक्रवारी शेवटची चार प्रकरणं. मुलगी शेगडीजवळ उभी, ब्रेक दारात उभे. धुलाईघरातली बाई घड्याळजीच्या बाहीवरचा तेलाचा डाग दाखवते आणि तो डाग घड्याळाच्या तेलाचा नाही, कपड्यांच्या खोलीच्या बिजागरीचा आहे, असं सिद्ध करते. म्हातारा रडतो. संपलं.

मुलीने चहाच्या डब्याखालची चिठ्ठी काढली आणि वाचली, "भाचा."

जाऊबाईंनी मोजा खाली ठेवला. "सहावं परत वाच."

मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाल्या, "त्याला बसवलं नाहीस."

"नाही."

"आजवर तुला कळलं नव्हतं. मला माहीत आहे, कळलं नव्हतं. कुणी सांगितलं?"

मी बाडाची पानं जुळवू लागले. पण ब्रेक छताकडे बघायला लागले. सज्जन माणसाला खोटं बोलता येत नाही, तो छताकडे बघतो.

"अस्सं! अजून उंबरा ओलांडला नाही आणि घर फोडलं!"

"मोठी आई, मी आपलं... सहज..."

"बसा खाली!"

"कसा बसू?" त्यांनी एकदाही न थांबता म्हटलं. "या घरात बसतो तो खुनी!"

जाऊबाई हसायला लागल्या. पहिल्यांदा नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. मुलगी हसता हसता शेगडीपाशीच खाली बसली. जाऊबाईंनी टेबलावर थाप मारली. "फसवलंस गं मला, धाकटे! सत्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. तो मेला घड्याळजी, आणि मी त्याची कीव करत बसले की किती वेळ उभा आहे बिचारा!"

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "जाऊबाई, पाटी."

त्या एकदम गंभीर झाल्या. "या वयात? पालथ्या घड्यावर पाणी."

"शब्द दिलाय तुम्ही."

"तू ऐक माझं. अक्षरं आल्यापासून तू किती विसरायला लागलीस ते बघ. काल दूध सांगायला विसरलीस, कारण चिठ्ठी हरवली. माझ्या डोक्यात तुझी आठ पुस्तकं आहेत. माझ्या आईच्या गोष्टी आहेत. मेलेल्या माणसांचे आवाज आहेत. कागद हातात आला आणि हे सगळं निघून गेलं, तर माझ्याकडे काय राहील?"

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना कंटाळा आहे.

"जाणार नाही," मी म्हटलं, पण खात्री नव्हती, म्हणून खरं तेच बोलले. "थोडं जाईल. माझंही गेलं. पण दीड वर्ष तुम्ही माझ्या चादरी ओढल्यात. आता एक चादर मला ओढू द्या."

त्यांनी मोजा पुन्हा हातात घेतला. "रविवार होऊ दे," म्हणाल्या.

शनिवारी बाड वेळेवर गेलं. रविवारी लग्न झालं, बाह्या दुमडून. रविवारीही चालू असलेल्या नोंदणी कार्यालयात साक्षीदार म्हणून जाऊबाईंनी अंगठा पुढे केला आणि कारकुनाला म्हणाल्या, "शाई नीट लाव रे बाळा. हा माझा शेवटचा अंगठा." कारकुनाला वाटलं म्हातारी आजारी आहे. तो इतका कासावीस झाला की त्याने त्यांना पाणी आणून दिलं.

शिकवणं सोपं गेलं नाही. पाटीवर अक्षरं लवकर आली, पण पुस्तक हातात दिलं की त्या धडाधड वाचत. मी खूश. मग एकदा बघते तर पुस्तक उलटं! बाईंना सगळंच पाठ, वाचायचं कशाला? आठही पुस्तकं या कामाला निरुपयोगी. रागावले तर म्हणाल्या, "मग जे मी ऐकलं नाही ते आण."

म्हणून नववं पुस्तक मी कुणालाच वाचून न दाखवता लिहिलं. बटणं वाढली असतील, दारं बदलली असतील. ते छापून आलं तसं पहिली प्रत जाऊबाईंच्या हातात दिली. त्यांनी ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, रोज दीड पान वाचलं. पाच महिने लागले. चुका दिसल्या की खालच्या खोलीतून हाक यायची, "धाकटे! हिचं नाक पान चाळीसवर सरळ होतं!" कधी दूध सांगायला विसरायच्या आणि मला म्हणायच्या, "बघ, झाले मी तुझ्यासारखी." हे सांगताना त्या अगदी खूश दिसत.

तेराव्या प्रकरणाशी त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून चहाच्या डब्याखाली ठेवली. अक्षर वाकडं, पण उत्तर बरोबर होतं.

मोठ्या जाऊबाई त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये, चौदा तारखेला, बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास वारल्या. त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या.