तीन टोकनं

भिंतीवरच्या पाटीत लाल आकडा सत्तावीसवर अडकला होता. त्यांचं टोकन एकतीस. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मार्चअखेरची जत्रा भरली होती. पंखा फिरत होता, पण वारा कुठे जात होता कोण जाणे. तेजस्वीच्या मांडीवर तीन वर्षांची संस्कृती घामाने चिकट होऊन पेंगत होती.

समोर छापलेलं जे दिसेल ते वाचायची तेजस्वीला खोड होती. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं. संस्कृती झाल्यापासून ही खोड दुप्पट झाली होती. म्हणूनच तिने नवऱ्याच्या, सागरच्या पिशवीतून हक्कसोडपत्र काढलं आणि वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर ती थांबली. परत पहिल्या ओळीपासून वाचत आली आणि पुन्हा तिथेच थांबली.

कागद सागरचा आणि त्याच्या थोरल्या बहिणीचा होता. आईवडील गेल्यावर पावसजवळची जमीन दोघांच्या नावावर सामाईक राहिली होती. रस्त्याकडच्या गटात सागर-तेजस्वीची शेड. तिथे ती दोघं आमसुलं आणि आंबापोळी करत. वाळवायच्या यंत्रासाठी बँकेने कर्ज मंजूर केलं होतं, पण तो गट एकट्या सागरचा असल्याचा नोंदणी झालेला कागद हवा होता. मंजुरीची मुदत उद्या, एकतीस तारखेला संपत होती.

दर्शनाने, म्हणजे सागरच्या बहिणीने, रस्त्याकडचा गट सोडायला एका शब्दात होकार दिला होता. पऱ्ह्याकाठचा, म्हणजे ओढ्याकडचा, तिचाच राहणार होता. वडील जाण्याआधी चारचौघांत म्हणाले होते, "पऱ्ह्याकाठची रातांबी दर्शीची." दरवर्षी मे महिन्यात दर्शना लांज्याहून चार दिवस यायची, रातांबे काढायची, आमसुलं करून लांज्याच्या बाजारात विकायची. सासरी तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

आणि दुसऱ्या पानावर दोन गट होते. एकाखाली एक.

"अहो, हे बघा," तेजस्वी पुटपुटली. "पऱ्ह्याकाठचाही आलाय यात."

सागरने कागदाकडे पाहिलंही नाही. "कारकुनाने आठ-अचा उतारा समोर ठेवून उतरवलं असेल. खात्यात दोन गट, दोन्ही टाकले."

"मग सांगा ना त्याला."

"आत्ता? आज हुकलं तर बँकेचं पत्र चुलीत घालायचं."

"पण ते वन्संचं आहे."

"आहेच. नाय कोण म्हणतं? येईल, रातांबे काढील, नेईल. कागद केला म्हणून झाडं काय चालत येणारायत माझ्याकडे?"

तेजस्वी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

सागरने मान वर करून पाटीकडे पाहिलं. "अठ्ठावीस," तो म्हणाला.

समोरच्या बाकावर दर्शना साक्षीला आलेल्या महिपतकाकांशी बोलत होती. सकाळी घरी तिची ओटी भरली होती. नारळ, तांदूळ आणि मोरपिशी साडी. ती साडी नेसूनच ती आली होती. निघताना सागरने कागद पुढे केला, तेव्हा तिने तो हाताने मागे सारला होता. भावाचा कागद बहिणीने वाचायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. दर्शनाच्या आईने वाचला नव्हता, आत्याने वाचला नव्हता.

"काय गो कुजबुजताय नवराबायको?" दर्शनाने लांबून विचारलं. "घरी वेळ मिळत नाय वाटतं?"

महिपतकाका खो खो हसले. तेजस्वीही हसली. हसताना आपले दात दिसताहेत याची तिला लाज वाटली.

एकोणतीस.

गप्प बसलं तर काय होईल? यंत्र येईल. आभाळ भरून आलं की पोरीला कडेवर मारून आमसुलांच्या ताडपत्र्या गोळा करत धावायला नको. पुढच्या वर्षी संस्कृतीची शाळा. आणि आपण वाचलं होतं हे सागरशिवाय कुणाला कळायचं कारण नाही. बोललं तर दर्शना उठून सरळ लांज्याची गाडी धरील. मग यंत्र गेलं, आणि घरात सागर बोलायचा बंद झाला की महिना महिना बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी दापोलीच्या अशाच कार्यालयात तीही नवी साडी नेसून बसली होती. आंजर्ल्याच्या जमिनीचा कागद. तिचा भाऊ स्वरूप कागदावर बोट ठेवून म्हणाला होता, "इथे कर गो," आणि बिस्किटाचा पुडा वाचणाऱ्या बाईने तिथे न वाचता सही केली होती. ती साडी त्या दिवसानंतर कपाटातच होती. ती पुन्हा का नेसवत नाही, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

तीस.

तेजस्वी उठली. झोपलेली संस्कृती तिने सागरच्या मांडीवर ठेवली. आता त्याचे दोन्ही हात अडकले होते. समोरच्या बाकाकडे जाऊन तिने कागद दर्शनाच्या मोरपिशी मांडीवर ठेवला.

"वन्सं, वाचा."

"मी? भावाचा कागद?" दर्शना हसली. "काका, ऐकलंत काय म्हणते ती!"

"दुसरं पान तेवढं."

दर्शनाने पान उलटलं. गट नंबरांवरून तिची नजर तशीच घसरली, त्यातलं तिला काही कळलं नाही. मग चतुःसीमा आली. "पूर्वेस पऱ्ह्या," ती हळू वाचू लागली. "पश्चिमेस गडगा..." हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहून गेलं, मग उतरलं.

"टोकन एकतीस!" खिडकीतून पुकारा झाला.

दर्शना उठली नाही. "सागऱ्या, ता काय हाय?"

"ताई, कारकुनाची चूक..."

"तू वाचलं हुतंस?"

सागरने पोरीच्या डोक्यावरचे केस सारखे केले.

"अगो, यंत्र यायचं तर..." महिपतकाका मध्ये बोलायला गेले.

"काका, तुम्ही साक्षीला आलात ना? मग बघा फक्त." तिने आवाज चढवला नव्हता, तरी शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "एकच गट लिहून आणा. तोवर मी हलत नाय."

खिडकीतल्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं. चार पस्तीस. "साडेपाचच्या आत दुरुस्त करून आणा. उद्याची सगळी टोकनं भरलीत."

सागरने संस्कृतीला तेजस्वीच्या हातात जवळजवळ टाकलं आणि जिना उतरला. त्याची चप्पल खालपर्यंत वाजत गेली. संस्कृती जागी होऊन पाणी मागायला लागली. दर्शनाने पिशवीतून बाटली काढून दिली, तेजस्वीकडे न बघता.

पाच वाजून बारा मिनिटांनी सागर परत आला, शर्ट पाठीला चिकटलेला. दर्शनाने नवा कागद घेतला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"ताई, पहिलं पान तेच आहे."

"असू दे."

बोट सरकत होतं, ओढत नेल्यासारखं. पाच सतरा. पाच वीस. तेजस्वीला वाटलं, हिच्या हातातून कागद घ्यावा आणि आपणच घडाघडा वाचून दाखवावा. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं.

"कायमचा व अपरिवर्तनीय म्हणजे?"

सागरने तेजस्वीकडे पाहिलं. सांभाळून सांग, असं ते बघणं होतं.

"एकदा सोडलं की परत मागता येत नाही," तेजस्वी म्हणाली.

बोट तिथेच राहिलं. खिडकीतला माणूस फायली रचायला लागला. घड्याळाचा काटा पंचविसावर आला, सव्वीसवर आला.

"रस्त्याकडचा सोडते," दर्शना शेवटी म्हणाली. "हुता तो तुमचाच. मेमध्ये रातांबे काढायला येईन, पण तुझ्या दारात विचारायला नाय येणार. दे पेन."

सह्या झाल्या, फोटो झाला. अंगठ्याच्या यंत्राने मात्र दोनदा नकार दिला. वर्षानुवर्षं रातांबे फोडून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. दर्शनाने नव्या साडीच्या पदराला अंगठा पुसला आणि काचेवर जोरात दाबला. हिरवा दिवा लागला.

बाहेर पडल्यावर सागर रिक्षा बघायला पुढे गेला. दर्शना पायरीवर थांबली.

"तुला आधी दिसलं हुतं ना?"

"हो."

"किती आधी?"

तेजस्वीला खोटं बोलता आलं असतं. "तीन टोकनं."

"तीन टोकनं गप बसलीस."

"हो."

दर्शनाने तिच्या कडेवरच्या संस्कृतीच्या गालावरचा घाम पुसला आणि पायऱ्या उतरून गेली.

तेजस्वी तिथेच उभी राहिली. एका हाताने फोन काढून तिने आंजर्ल्याला लावला.

"स्वरूपदादा, दापोलीला मी सही केली होती ना, त्या कागदाची प्रत पाठव मला."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

"आज कशी आठवण झाली गो? कशाला हवी?"

"वाचायचाय," तेजस्वी म्हणाली.