गेटपासून बारा मिनिटं

भागोजीने रिक्षातून उतरण्याआधीच रुचिराच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि आकड्यांवर काट मारायला सुरुवात केली.

"भाट्याची पुळण सहा मिनिटं? गो बाय, हे कुणी मोजलं? घारीनं?"

"मोबाइलनं," रुचिरा म्हणाली. मांडवीच्या त्या लहानशा हॉटेलच्या काउंटरवर ती नुकतीच बसायला लागली होती. 'जवळची प्रेक्षणीय स्थळं' असा ठसठशीत मथळा देऊन तिने ते कार्ड हौसेनं तयार केलं होतं. प्रत्येक खोलीत एक ठेवायचं होतं.

"मोबाइलला वाटेत शहाळं प्यावंसं वाटत नाही. दहा लिही. थिबा राजवाडा बारा. आणि सोमवारी बंद हे ठळक लिही, नाहीतर शिव्या मी खातो. रत्नदुर्ग पंधरा. पायऱ्या आहेत हे आधी सांगायचं. गुडघेवाल्यांना वर गेल्यावर सांगून उपयोग काय?"

एकतीस वर्षं भागोजी ह्या हॉटेलच्या गेटवर रिक्षा लावत होता. त्यामुळे त्याच्या लेखी पृथ्वीचा मध्य म्हणजे हे गेट. स्वतःचं घरसुद्धा तो 'गेटपासून चार मिनिटं' असंच सांगे. मिनिटांच्या बाबतीत तो हरिश्चंद्र होता. बाकी सगळ्या बाबतींत मात्र आनंद. रत्नदुर्गावरचं भुयार दाखवून तो पर्यटकांना गंभीर चेहऱ्याने सांगे, की आमच्या आजोबांचा एक बोकड ह्यात शिरला तो अकरा वर्षांनी थेट पावस गावच्या आंब्याच्या बागेत निघाला. शिंगं तीच, गळ्यातली घंटा तीच, फक्त दाढी पांढरी झालेली. लोक आधी हसत. मग भुयारात वाकून बघत.

पण ह्या थापांच्या वर भागोजीकडे एक खरी गोष्ट होती, आणि ती म्हणजे मितेश. त्याचा एकुलता एक मुलगा दीड वर्षापूर्वी परदेशात शिकायला गेला होता. त्या शहराचं नाव भागोजीच्या जिभेवर बसत नसे, म्हणून तो 'तलावाचं गाव' म्हणे. तलावाकाठी मोठं विद्यापीठ, आणि विद्यापीठात मितेश. त्याबद्दल रविवारी मांडवीचं मंडळ भागोजीला शाल-श्रीफळ देणार होतं. चार शब्द बोलावे लागणार होते. त्यासाठी शहराची माहिती पाठव, असं त्याने मितेशला कळवलं होतं आणि सकाळीच उत्तर आलं होतं.

"ऐक," म्हणून त्याने रुचिरापुढे मोबाइल धरला.

"बाबा, शहर छोटंसं आहे," मितेशचा आवाज आला. "तलाव चार मिनिटांवर. जुना मनोरा सात. विद्यापीठ बारा मिनिटं चालत. बागेतून गेलं तर दहा, पण पाऊस असेल तर बागेतून जाऊ नये, चिखल असतो. संग्रहालय सोमवारी बंद."

"छान सांगतो हो," रुचिरा म्हणाली. "पण विद्यापीठ बारा मिनिटं म्हणजे कुठून?"

"त्याच्या खोलीतून."

"खोली विद्यापीठातच आहे ना? जिना उतरला की वर्ग, असं तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. भागोजीने पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. जिना उतरला की वर्ग, हे मितेश म्हणाला होता, की बोलण्याच्या भरात आपणच तो जिना बांधला होता? पस्तीस-चाळीस जणांना सांगून झाल्यावर आता त्यालाच कळेना, की पोराचं कुठलं आणि आपलं कुठलं.

"दोन खोल्या असतील," तो म्हणाला.

"असतील," रुचिरा म्हणाली आणि कार्ड सुधारायला आत गेली.

त्या दिवशी भागोजीचं काही धड झालं नाही. नागपूरचं एक जोडपं थिबा राजवाड्याला जायला बसलं, त्यांना त्याने मत्स्यालयाच्या दारात उतरवलं. मग भरपाई म्हणून किल्ल्यावर नेलं, बोकड भुयारात घातला आणि गप्प उभा राहिला.

"मग पुढे?" बाईंनी विचारलं.

"कशाचं?"

"बोकडाचं हो."

"गेला तो," भागोजी म्हणाला आणि रिक्षाकडे चालू लागला. जोडपं एकमेकांकडे बघत मागून आलं.

एकच गोष्ट त्याच्या डोक्यात वळवळत होती. विद्यापीठात राहणाऱ्याला विद्यापीठ किती लांब हे कशाला माहीत असेल? बरं, लांब राहत असला तरी स्वतःच्या वाटेची मिनिटं माहीत असतील. पण मनोऱ्याची, तलावाची, आणि वर संग्रहालयाची सोमवारची सुट्टी? भागोजीला थापेची पारख होती, आणि ही थाप नव्हती. ह्यातला आकडा न् आकडा खरा होता. घोटाळा तोच होता. इतकी खरी मिनिटं त्याच्या माहितीत एकच माणूस सांगत असे, आणि तो ह्या क्षणी रिक्षाच्या आरशात त्याच्याकडे बघत होता.

पाच वाजता त्याने मांडवीच्या जेटीवर बसून फोन लावला. तिकडे नुकते बारा वाजून गेले होते.

"आज मधेच, बाबा?"

"रविवारचं भाषण. काशीराम डोक्यावर बसलाय." काशीराम म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी. "एक सांग. समज, कुणाकडे तिथे अर्धाच दिवस आहे. काय काय बघून होईल?"

मितेश लहानपणापासून बोलायला हळू. पण आता तो एका दमात बोलत सुटला. "अकराच्या आत खोली सोडायची. सामान आम्ही ठेवून घेतो. आधी बोट, कारण दुपारी वारा सुटतो. मग मनोरा, आणि मग..."

जेटीखाली पाणी दगडांवर आपटत राहिलं.

"मनोऱ्याला पायऱ्या किती?" भागोजीने विचारलं.

"एकशे चौसष्ट."

"गुडघेवाल्यांना आधी सांगतोस ना?"

"सांगतो."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून आहे ह्या हॉटेलात. दोन पेपर राहिले, बाबा. मग वर्गात जायचंच सुटलं. सांगणार होतो तुम्हाला. पण तोवर तुम्ही सगळ्या मांडवीत..."

"हां," भागोजी म्हणाला. चपलेच्या टोकाने त्याने कठड्यावरचा एक शिंपला पाण्यात ढकलला. एक होडी बंदरात शिरत होती, ती लागेपर्यंत तो तिच्याकडेच बघत राहिला.

"बाबा."

"बोल."

"तुमचा बोकड मी इथे सांगतो लोकांना."

"कुठला बोकड?"

"भुयारातला. मनोऱ्याखाली एक लोखंडी दार आहे, कायम बंद. मी सांगतो, आमच्या आजोबांचा बोकड ह्यातून आत शिरला तो तलावापलीकडे निघाला."

"दाढी?"

"पांढरी."

"पटतं लोकांना?"

"म्हातारे हसतात. पोरं दाराला कान लावतात."

भागोजीने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "किती वर्षांनी निघतो म्हणून सांगतोस?"

"सात."

"सात नको. सात कुणालाही सुचतात. अकरा सांग."

"बरं," मितेश म्हणाला. "बाबा, रविवारी काय करणार?"

"तू जेवलास काय?"

"नाही अजून."

"मग जेव आधी. पेपरांचं उद्या बोलू. ह्याच वेळेला."

त्याने फोन खिशात टाकला तोच काशीरामची स्कूटर जेटीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. काशीरामच्या हातात वही होती.

"अरे, कुठे कुठे शोधायचं तुला? मानपत्र छापायला टाकायचंय. पोराच्या नावापुढे काय लिहू? विद्यापीठाचं नाव इंग्रजीत लिहू की मराठीत?"

"नाव कशाला लिहितोस? माणसं तिथे गेली तर त्यांना काय उपयोग?"

"मग काय लिहू?"

"लिही, मितेश भागोजी भाटकर, विद्यापीठापासून बारा मिनिटं."

काशीरामने पेन टेकवलं, उचललं. "हे असं कोण लिहितं? ही काय पदवी झाली?"

"लिही तू. ह्यातलं एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर शाल परत घेऊन जा."

काशीरामने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. एकतीस वर्षांत ह्या तोंडातून निघालेलं काय खरं नि काय खोटं, हे त्याला आजवर कळलं नव्हतं आणि आजही कळेना. पण मिनिटांच्या बाबतीत भागोजीचा शब्द गावात चालत असे. त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं.

"रिक्षानं की चालत?" त्याने वही मिटता मिटता विचारलं.

"चालत," भागोजी म्हणाला. "बागेतून गेलं तर दहाच."