झाकलेले नंबर

मानाउसचं नाव निघालं की दोन्या कूकाच्या पोटात दुखायला लागायचं. मानाउस तिहुआनापासून कुठल्या कुठे, ब्राझीलच्या जंगलात. तरी जेवणाच्या सुट्टीत कुणी सहज म्हटलं, की मानाउसला म्हणे नवं यंत्र आलं, की तिच्या हातातला बुरीतो हातातच राहायचा.

कंपनी एकच. मुख्य कचेरी जपानात कोबेला, विक्रीचा कारभार सरहद्दीच्या कुंपणापलीकडे सान दिएगोत, सुटे भाग पेनांगहून यायचे, आणि जहाजावरच्या रेडिओचे बोर्ड दोन ठिकाणी बनायचे: उत्तरेकडच्या बंदरांसाठी तिहुआनात, दक्षिणेकडच्या बंदरांसाठी मानाउसला. तिहुआनातल्या बावीस बायका कूकाच्या हाताखाली, आणि सगळा कारखाना तिला मानाने दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा. सव्वीस वर्षं हे काम केल्यावर आपल्यासारखा हात कंपनीच्या कुठल्याच देशात नाही, असं तिचं मत झालं होतं. मत खोटंही नव्हतं, निदान मानाउसची जुरेमा येईपर्यंत.

त्या जुरेमाला शिकवलं कूकानेच, हे खरं दुखणं. सहा वर्षांपूर्वी कंपनीने तिला तीन महिने तिहुआनाला धाडलं. ती कूकाच्याच घरी राहिली, कूकाच्या हातचा घेवडा खायची आणि त्यावर माहेरून आणलेलं साबुदाण्याच्या कंदाचं भरड पीठ भुरभुरायची. अर्धं पोर्तुगीज अर्धं स्पॅनिश बोलून सगळ्या गल्लीला हसवायची. कूकाने तिला सोल्डर धरायला शिकवलं, आणि तारांची जुडी मेणाच्या दोऱ्याने बांधायची आपली गाठही शिकवली. गाठ आतल्या बाजूला, शेपूट तिरकं कापलेलं. ती गाठ तिने स्वतःच्या पोरीलाही दाखवली नव्हती. जाताना जुरेमा विमानतळावर गळ्यात पडून रडली, आणि कूकालाही रडू आलं.

मग कौतुक सुरू झालं. कोबेचे इंजिनियर नागासे दर वर्षी दोन्ही कारखाने बघायला यायचे. पूर्वी ते कूकाच्या टेबलाशी तासभर उभे राहायचे. आता पाच मिनिटं उभे राहायचे आणि त्यातली तीन जुरेमाबद्दल बोलायचे. जुरेमाने अमुक सुधारलं, जुरेमाचे बोर्ड वर्षभरात एकही परत आले नाहीत. कूका मान हलवायची, हसायची, आणि घरी जाऊन भांडी आपटायची. आपण घातलेलं पाणी, आणि झाड दुसऱ्याच्या अंगणात, असं तिला वाटायचं. वाटायचं म्हणजे काय, आतून भाजायचं.

या वर्षी कोबेने ठरवलं, की नव्या रेडिओसाठी दोन ठिकाणी यंत्रं घ्यायची नाहीत. पैसा एकाच कारखान्यात घालायचा आणि दोन्ही खंडांचा माल तिथूनच काढायचा. तिहुआना हरलं तर कूकाचा विभाग बंद. नऊ जणी खोकी भरायला, बाकीच्या घरी.

निवड करायची रीत या कंपनीची स्वतःची होती. दोन्ही कारखान्यांनी एकेक नमुना बोर्ड कोबेला पाठवायचा. नागासे नंबरांवर काळी पट्टी चिकटवून तेच दोन बोर्ड दोन्ही गावी नेणार, आणि तिथल्या सगळ्यात तरबेज हाताने दोन्हींचे दोष लिहून द्यायचे. दोन्ही कागद मिळून ज्या बोर्डाचे दोष कमी, त्या कारखान्याला रेडिओ. नंबर झाकला की माणूस खरं बोलतं, असा कोबेच्या लोकांचा समज होता. तसा तो भाबडाच समज, कारण आपला हात कुणाला ओळखू येत नाही? कूका तर मनात हसलीच.

आधी मानाउस उरकून नागासे तिहुआनाला आले. कारखान्याचे मॅनेजर वाल्दोविनोस तिला आत घेऊन गेले. टेबलावर दोन बोर्ड, एक भिंग आणि एक कोरा कागद होता.

कूकाने भिंग डोळ्याला लावलं आणि तिला हवं ते लगेच दिसलं. उजवीकडच्या बोर्डावरच्या गाठी एका अंतरावर, एका ताणाच्या. सोल्डर प्रत्येक सुट्या भागाच्या पायाशी गुळगुळीत उतरलेलं. हा माझा, ती मनात म्हणाली. डावीकडच्यावर गाठ तीच, पण तीन ठिकाणी सैल. शिकली ग बाई गाठ, पण ओढ कुठून आणणार? एका पायाशी सोल्डरचा गोळा होता, एका तारेला कापल्याची खूण होती. कूका लिहीत गेली. एक, दोन, तीन. सातवा दोष लिहिताना तिला जी मजा आली, तशी नातवाच्या बारशालाही आली नव्हती. उजवीकडच्यासाठी तिने लिहिलं, दोष नाही.

नागासेंनी पट्ट्या काढल्या. उजवीकडचा बोर्ड मानाउसचा निघाला.

कूकाने पुन्हा भिंग उचललं. सातही दोष जागच्या जागी होते. तेव्हा तिला आठवलं, की नमुना तिने दोन दुपारी घाईत केला होता, सुजलेल्या अंगठ्याला फडकं बांधून. पूर्ण झाल्यावर कुणाला तपासायला दिला नव्हता. दोन्या कूकाचं काम तपासणार कोण? गेली कित्येक वर्षं कुणी तपासलंच नव्हतं.

नागासे सरळ माणूस. त्यांनी बॅगेतून दुसरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तो जुरेमाने मानाउसला लिहिलेला होता. पोर्तुगीज असलं तरी कूकाला सगळं लागलं. स्वतःच्या बोर्डात जुरेमाने तीन दोष काढले होते. तिहुआनाच्या बोर्डासमोर लिहिलं होतं: "हा माझ्या गुरूचा हात आहे. यात दोष नाही."

वाल्दोविनोस खुर्चीतून अर्धे उठले. "दोन्या कूका, भिंगावर धूळ होती म्हणा. कागद परत घ्या. तिने तुम्हाला जिंकवलंय, कळतंय ना?"

नागासे म्हणाले, कागदावर अजून सही झालेली नाही, तेव्हा मागे घ्यायचा हक्क तिला आहे. मग राहील फक्त जुरेमाचं मत, आणि रेडिओ तिहुआनाला येईल.

कूका त्या ओळीकडे बघत राहिली. दोष नाही म्हणे. तीन सैल गाठी जुरेमाला दिसल्या नाहीत? बघायला शिकवलं कुणी? दिसल्या होत्या, सगळ्या दिसल्या होत्या, आणि म्हातारीचा अंगठा गेला हे ताडून पोरीने त्यांच्यावर पदर घातला होता. आता रेडिओ येणार, बावीस जणी राहणार, आणि हे सगळं जुरेमाच्या ताटातलं उष्टं म्हणून. पुढच्या वर्षी नागासे टेबलाशी उभे राहतील आणि पाचच्या पाच मिनिटं जुरेमाच्या मोठ्या मनाबद्दल बोलतील. हातात तर ती पुढे गेलीच होती, आता मनानेही पुढे गेली.

तिने पेन घेतलं आणि सात दोषांच्या कागदावर सही केली.

नागासे खुर्चीतून उठले आणि कमरेत वाकले, अगदी खोल, जसे ते कुणापुढे वाकत नसत. म्हणाले, इतक्या वर्षांत मी इतकं खरं माणूस पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे पसरलं, की दोन्या कूकाने स्वतःचे दोष स्वतः लिहून दिले. काहींनी शिव्या दिल्या, पण दबल्या आवाजात, कारण खरं बोलणाऱ्या बाईला उघड शिव्या कशा द्यायच्या? कामगार संघाच्या फलकावर तिचं नाव लागलं. वाल्दोविनोस मात्र तिच्याकडे बघेनात.

बसच्या थांब्यावर चायो तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. चायो अठरा वर्षं तिच्या उजव्या हाताला बसलेली, घरी दोन पोरं आणि अंथरुणाला खिळलेला नवरा. ती खोकी भरायच्या नऊ जणींत नव्हती.

"सगळे म्हणतात तू खरेपणा दाखवलास," चायो म्हणाली. "मी तुला ओळखते. काय झालं आत?"

कूकाने तिला सांगितलं. सगळं सांगितलं, जुरेमाच्या ओळीसकट.

"मला तिची दया नको होती, चायो."

बस आली. चायोने पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून बघितलं.

"आम्हाला चालली असती," ती म्हणाली.