साचे कोणाचे

माझा लेक आज पाहुण्यासारखा वागतोय. दाराशी ट्रक लागलाय, माणसं आमच्या बुटांच्या कारखान्यातले लाकडी साचे पोत्यांत भरतायत, आणि हा त्यांना चहा विचारतोय. घर धुऊन नेणाऱ्यांना चहा!

साचे आमच्या ह्यांनी केलेले. गिऱ्हाइकाचं पाऊल कागदावर उतरवायचं आणि लाकूड तासत बसायचं. कोणाचा अंगठा वाकडा, कोणाची टाच बसकी, सगळं त्या लाकडात. चाळीस वर्षं हेच. हे गेले तेव्हा चारचौघांत मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. फळीवरचे साचे पुसत राहिले.

मग लेकाने भागीदार आणला, कातड्याचा व्यापारी. मी त्याला गोडबोल्या म्हणते. वकिलाने सरळ विचारलं, "साचे भागीदारीत घालताय, की नुसते वापरायला देताय? घातलेत तर पेढीचे झाले. उद्या फाटलं तर विकून वाटणी. वापरायला दिलेत तर तुमचे तुमच्याकडे. मसुद्यात सध्या 'घातले' असंच आहे; वापरायला द्यायचे तर वेगळी एक ओळ लिहावी लागेल."

"लिहा की," मी म्हटलं.

लेकाने टेबलाखाली माझा पाय दाबला. "आई, असू दे गं. सुरुवातीलाच काडीमोडाची भाषा कशाला?"

गोडबोल्या गालात हसला. वकील माझ्याकडे बघत थांबला. परक्यासमोर पोटच्या पोराला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. मीही सही केली, तीन अक्षरी, मला येते तेवढी.

दोन वर्षांत गोडबोल्याने भागीदारी मोडल्याची नोटीस धाडली नि पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटलं. आम्ही पुन्हा वकिलाकडे. त्याने कागद दोनदा वाचला. "आई, इथे 'घातले' असंच लिहिलंय. आता विकावेच लागतील."

एका हॉटेलाने घेतलेत. भिंतीवर टांगणार, शोभेला.

शेवटचं पोतं उघडं होतं. मी त्यातून एकच साचा काढला, शाळेतल्या लंगड्या बाईंचा. ह्यांनी त्याच्या टाचेखाली चामड्याचे तुकडे एकावर एक चिकटवलेले. बाई अजून येतात, त्यांना दुसरीकडचा बूट चालत नाही. मी तो पदराखाली धरला.

"आजी, यादीत आहे हो तो," ट्रकवाला पुटपुटला आणि मुद्दाम तोंड फिरवून उभा राहिला. त्यालाही कळत होतं.

लेकच पुढे आला. "आई, बरं दिसत नाही ते." माझ्या हातातून साचा सोडवून घेतला, पोत्यात टाकला आणि स्वतः तोंड आवळून दिलं.

ट्रक गेला. लेक रिकाम्या फळ्यांकडे बघत उभा.

"चोर असतास तर बरं होतं रे," मी म्हटलं. "चोर निदान स्वतःसाठी काही ठेवतो. तू भिडस्त. परक्याला वाईट वाटू नये म्हणून बापाची उभी हयात उचलून दिलीस. आणि तुला असा घडवला मीच. उद्या त्या बाई आल्या की तूच सांग त्यांना. माझ्याच्याने व्हायचं नाही."