रालित्साची शांत खोली

"बाई, आधी डोळे मिटा," कामेन म्हणाला आणि त्याने दार ढकललं.

मी डोळे उघडले. उन्हाळी सुट्टीभर राबून मी ही खोली त्याच्याच लेकीसाठी, रालित्सासाठी तयार केली होती. छतावरच्या गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइट काढून टेबलावर मंद दिवा ठेवला होता. खुर्चीच्या पायांना जाड लोकरीचे तुकडे लावले होते. टेबल कोऱ्या राखाडी भिंतीकडे तोंड करून, कारण साधी माशी दिसली तरी पोरीचं लक्ष उडतं. आता त्या भिंतीवर पिवळाधमक सूर्य, लाल चोचींचे करकोचे आणि झाडून सगळी मुळाक्षरं नाचत होती.

"शनिवार-रविवार खपलो. शाळा उघडायच्या आधी वर्ग बापांनी रंगवायचा, ही आपली रीत. तुम्ही आम्हाला बोलावलंसुद्धा नाही," कामेन म्हणाला. "नुसती राखाडी भिंत, बाई. पोर काय तुरुंगात बसणार?"

त्याच्या नखांत अजून रंग होता.

रालित्साची परीक्षा घ्यायला आलेली जिल्ह्याची समिती व्हरांड्यात येऊन ठेपली होती. रालित्साने त्यांच्यासमोर बसून पाच गणितं सोडवली तर ती आमच्याकडे राहणार, नाहीतर जिल्ह्याच्या विशेष मुलांच्या वसतिशाळेत जाणार.

"मॅडम, भिंतीवर चादर तरी टाकू या," मी मुख्याध्यापिकेच्या कानात म्हटलं.

"वेड लागलंय का तुला? पाहुणे फोटो काढताहेत."

टेबल फिरवावं तर समोर काचेचं दार आणि काचेपलीकडे सगळ्यांचे चेहरे. टेबल होतं तिथेच राहिलं.

रालित्सा बसली. पहिलं गणित झालं. मग पेन्सिल थांबली आणि ती करकोच्यांच्या चोची मोजू लागली. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला.

"इतकी सुंदर खोली करून दिलीत, तरी बसत नाही ना ती," समितीच्या बाई हळुवारपणे म्हणाल्या. "मग तिकडेच बरं तिला." त्या वाईट नव्हत्या, याचाच मला जास्त राग आला.

सगळे गेल्यावर कामेन भिंतीपाशी उभा राहिला.

"खरं सांगा बाई, रंग कमी पडला का?"

"नाही हो. काही कमी नाही पडलं."

पोरीला शोधत मी बाहेर आले. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली होती. रालित्सा जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून बसली होती. वही मांडीवर होती आणि पाचवं गणित नुकतंच सुटलं होतं.